सासूच्या नावावरची हजेरी

माझ्या सासूचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आणि इथं लिहिणारही नाही. एवढं सांगते की ते आमच्याकडच्या एका नदीचं नाव होतं. त्या नदीला मी अजून ‘मोठी नदी’च म्हणते. नातवंडं हसतात. हसू देत. सासूचं लिहीत नाही तर मग दुसऱ्या कुणाचं कशाला लिहू, म्हणून बाकीच्यांचीही नावं यात नाहीत. ज्यांना ओळखू यायचं त्यांना येईल.

माझं माहेर धुळ्याकडचं, नरडाण्यापासून दोन कोसांवरचं खेडं. लग्न होऊन मी जळगावात आले ती थेट जिनाच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, हे आता सांगावं लागतं. तेव्हा जळगावात आणि धुळ्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत उभ्या राहायच्या, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पंधरा दिवस सगळं थांबायचं. आमच्या घरात वर्ष असं मोजलं जायचं, जिन चालू आणि जिन बंद.

जिनात चाळीस रेचे होते, वीस-वीसच्या दोन ओळी. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला लागून पोलादी पातं असतं. वरच्या फळीवर कापूस पसरून हातानं रुळाकडं सारत राहायचं. रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. एका रेच्याला एक बाई. काम अवघड नाही, पण हात सारखा चालता पाहिजे. थोडा थांबला तर रूळ कोरडा फिरतो आणि तापतो, आणि जास्त लोटलात तर अडकतो. आणि बोटं पात्यापासून लांब ठेवायची. तेवढं एक विसरायचं नाही.

आमच्या घरची जागा डाव्या ओळीतली सातवी. जागा म्हणायचो आम्ही, नोकरी हा शब्द बायकांना नव्हता. ती जागा माझ्या सासूची. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. नवरा मेल्यावर तिथं उभ्या राहिल्या त्या पंधरा वर्षं उभ्याच होत्या. मग छाती भरून यायला लागली. रुईची बारीक लव नाकातोंडात जाऊन जाऊन खोकला असा जडला की रात्रीचं चाळीतलं दुसरं कुणी झोपेना. डोळेही अधू झाले. तेव्हा मी लग्न होऊन वर्ष झालेली होते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला त्या दिवशी आत्याबाईंनी माझा हात धरला, फाटकातून आत नेलं आणि सातव्या रेच्यापाशी उभं केलं.

आता गंमत ऐका. हजेरीबुकात नाव त्यांचंच राहिलं. सगळ्यांचं असंच असायचं. नवं नाव घालायचं म्हणजे नवी बाई झाली, आणि नव्या बाईला ओळीच्या शेवटच्या, दाराजवळच्या रेच्यावर टाकायचे, तिथं दिवसभर वारा आणि धूळ. शिवाय जागा घरची आहे ही समज. सासू गेली तर सून, आई गेली तर लेक, जाऊ माहेरी गेली तर धाकटी जाऊ. नाव तेच, हात बदलायचे. आमच्या ओळीतल्या एका जागेवर तर मेलेल्या बाईची रोज हजेरी लागत होती. तिची भाची काम करायची, चांगली मन लावून करायची.

पहिल्या दिवशी मुकादमानं ओळीनं नावं पुकारली. सातवं नाव आत्याबाईंचं. सासूच्या नावाला सुनेनं ओ कशी द्यायची? मी पदर पुढं ओढून जमिनीकडं बघत राहिले. मुकादमानं दुसऱ्यांदा पुकारलं. मागून आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

“हाजर म्हन ना व!”

“आत्याबाई, तुमचं नाव...”

“नाव मी लेवाले सांगते का तुले? हाजर म्हन फक्त.”

म्हटलं हाजर. सगळ्या ओळीत खसखस पिकली. त्यानंतर नऊ हंगाम मी रोज सकाळी हाजर म्हणत गेले. सवय झाली. घरी मात्र त्या नदीचा विषय निघाला की मोठी नदी.

माझ्या शेजारी, आठव्या रेच्यावर, एक अक्का होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, पदरी एक मुलगी. तिला सासू नव्हती, जाऊ नव्हती, म्हणून ती स्वतःच्याच नावावर दाराजवळ लागली होती आणि वर्षागणिक सरकत आठव्यावर आली होती. सगळ्या ओळीत ती एकटीच म्हणायची की मला हाक मारली की मीच वळते. मला रेचा तिनं शिकवला. चाळीस रेचे चालले की कानाशी तोंड नेऊनही ऐकू येत नसे, म्हणून बायकांनी हाताच्या खुणा केलेल्या होत्या. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं म्हणजे मुकादम येतोय. कपाळावर हात म्हणजे डोकं दुखतंय. पोटावर हात फिरवून बोट दाखवलं म्हणजे तिला दिवस गेलेत. दोन्ही हात जुळवून गालाखाली म्हणजे मी जरा बसते, माझा रेचा बघ. माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर मी पोराला पाजायला बाहेर जायची तेव्हा अक्का दोन्ही फळ्यांवर हात चालवायची. आत येऊन मी घाईनं माझी जागा घ्यायला गेले की ती ओठ हलवून म्हणायची, “तू बठ व, मी देखस.” ऐकू यायचं नाही, पण कळायचं.

जेवणाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. कान सुन्न झालेले असायचे, त्यामुळं सगळ्याच मोठ्यानं बोलायच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय. तसं भांडणही असायचं अधूनमधून, नाही असं नाही.

असे नऊ हंगाम गेले. मग, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट, शेठनं नवे रेचे आणवले. मुंबईहून एक फिटर आला आणि उजव्या ओळीच्या टोकाला चार रेचे बसवून गेला. त्या रेच्यांच्या डोक्यावर पेटी होती. कापूस एका पट्ट्यावरून वर चढायचा, पेटीत पडायचा, आणि पेटीतून आपोआप, हवा तेवढाच, रुळावर उतरायचा. फळी नाही, हात नाही. एक बाई चारही रेच्यांपुढं फेऱ्या मारणार, कुठं अडकलं तर आकडीनं मोकळं करणार, बस.

खरं सांगते, मला ते आवडलं. सुट्टीत आम्ही सगळ्या बघायला गेलो. मी किती तरी वेळ त्या पेटीकडं बघत उभी होते. आपण नऊ वर्षं जो अंदाज हातानं धरला, किती सोडायचा, किती अडवायचा, तो त्या पेटीला कुणी तरी शिकवलेला होता. अक्कानं पट्ट्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, “हिला पोर पाजायला जायला नको, डोकं दुखायला नको. शेठ हिच्यावर खुश राहील.”

“अन् आपण?”

“आपण काय, आपल्याला दोनच हात.”

पुढच्या हंगामाला सगळे चाळीस रेचे तसे होणार हे मुकादमानंच सांगितलं. म्हणजे चाळीस बायकांच्या जागी दहा. तीस घरी.

त्या वेळी धुळ्याच्या गिरणीत युनियन होती. तिकडून एक माणूस आमच्याकडं यायला लागला. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला, अंगानं बारीक, खादीचा सदरा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. तो दुपारी कडुनिंबाखाली येऊन बसायचा. पहिल्या दिवशी एकही बाई बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, “भाऊ, तुम्ही ती पेटी बंद पाडणार का?”

“नाही,” भाऊ म्हणाला. “पेटी बंद पाडली तर शेठ दुसऱ्या गावी जिन काढेल. धुळ्याला आम्ही ते करून बसलोय. पेटी येणार. पण दहा कोण राहणार आणि तीस कोण जाणार, हे शेठनं बोट दाखवून ठरवायचं नाही. ते नियमानं ठरलं पाहिजे.”

“नियम कसला?”

“जिची वर्षं जास्त ती आधी राहील. पुढं जागा सुटली तर गेलेल्यांना आधी बोलावतील. अंगण झाडायचं, कापूस निवडायचं काम असेल ते बाहेरच्या बायांना द्यायच्या आधी तुम्हाला.”

हे सगळ्यांना पटलं. पटायलाच हवं. आम्ही तीन दिवस फाटकाबाहेर बसलो. कुणी दगड मारला नाही, कुणी ओरडलं नाही. गाड्या मात्र पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत थटल्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं भाऊला आत बोलावलं आणि हे तसंच्या तसं कागदावर झालं. आम्ही अंगठे दिले. मला वाटतं आमच्या जिनात बायकांनी म्हटलेलं पहिल्यांदाच कुणी कागदावर घेतलं होतं. त्या दिवशी अक्कानं घरून शेव आणून सगळ्यांना वाटली.

आठ दिवसांनी दिवाणजीनं हजेरीबुकातून वर्षं काढून यादी केली आणि फाटकाशी उभं राहून वाचली. पहिलं नाव एका म्हातारीचं होतं, ती खरोखर काम करत होती. दुसरं नाव आत्याबाईंचं. पंधरा त्यांची आणि नऊ माझी, मिळून चोवीस वर्षं. दिवाणजी पुढं वाचत गेला. त्या मेलेल्या बाईचं नाव आलं. आपल्या जाऊच्या नावावर लागलेल्या एकीचं आलं, ती जाऊ कधीच बऱ्हाणपूरला राहायला गेली होती. दहा झाली. मग दिवाणजीनं चष्मा नीट केला आणि म्हणाला, इथं रेघ. रेघेच्या खाली पहिलं नाव अक्काचं.

अक्का सोळा हंगाम त्या रेच्यावर उभी होती. मी नऊ. आणि रेघेच्या वर मी, खाली ती.

ती माझ्याकडं वळली नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही. असं बघायचं नाही ठरवून चालत राहिलं की मान कशी दुखते ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या. यादीचं त्यांना आधीच कळलेलं. चेहरा असा फुललेला मी क्वचितच पाहिला. मी म्हटलं, “आत्याबाई, अक्का राहिली खाली.”

“मंग?”

“तिची सोळा वर्षं आहेत. माझी नऊच.”

“तुनी कोन मोजस? मनी शेतस ती.” मग खोकल्या. खोकला थांबेपर्यंत मी वाट बघितली. “त्या वरीस मी काढात. बठ्ठी लव मन्हा छातीमा शे. त्या खोटा शेतस का, सांग.”

खोटी नव्हती. त्यांच्या छातीत ती वर्षं घरघरत होती, मला शेजारी बसून ऐकू येत होती. आणि खरं म्हणाल तर मला बरंही वाटत होतं. माझा नवरा मालधक्क्यावर हमाली करायचा, त्याचं कधी असायचं, कधी नसायचं. रेचा गेला तर हंगामात काय करायचं, या विचारानं मला महिनाभर धड जेवण गेलं नव्हतं. आता जात होतं. अक्काबद्दल वाईट वाटत होतं आणि जेवणही जात होतं. दोन्ही एकदम होतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी रेच्यावर अक्कानं एकही खूण केली नाही. फळीवर हात, नजर रुळावर. सुट्टीत मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, “म्हातारी फार तरणी दिसते हो आज. साठीची आहे, पण केस बघा कसे काळेभोर.”

बायका हसल्या. मीही हसले, काय करणार? भाऊनं ते ऐकलं, पण त्याला वाटलं चेष्टा चाललीय.

चार दिवसांनी मॅनेजर स्वतः यादी घेऊन आला. कुणी त्याच्या कानावर घातलं की त्याला वयांवरूनच शंका आली, मला माहीत नाही. भाऊ शेजारी उभा, मुकादम मागं. मॅनेजर म्हणाला, “वरच्या दहा बायकांनी एकेक पुढं यायचं आणि आपलं नाव सांगायचं.”

पहिली म्हातारी गेली, नाव सांगून आली. मग मला खूण झाली.

“नाव?”

हाजर म्हणायची सवय होती. नाव सांगायची नव्हती. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

“बाई, नाव सांग.”

मुकादम मागून म्हणाला, “लाजते साहेब. मी सांगतो, हिचं नाव...”

“तुम्ही नाही. तिला सांगू द्या.”

आता बघा, मी मान हलवून काही तरी पुटपुटले असते तरी भागलं असतं. स्वतःचं नाव सांगितलं असतं तर पकडली गेले असते, पण हसं तरी झालं नसतं. पण डोक्यात तेच नाव होतं, आणि ते नाव जिभेवर आलं की नऊ-दहा वर्षांची सवय आपोआप आडवी यायची. मी म्हणाले, “मोठी नदी.”

“काय?”

“मोठी नदी, साहेब.”

“हे काय नाव झालं?”

“साहेब, सासूचं नाव घेत नाहीत आमच्यात.”

बोलले आणि मग ऐकलं मी काय बोलले ते. मागून कुणाला तरी हसू आवरेना, आणि त्या हसण्याबरोबर सगळंच सुटलं. मॅनेजरनं मुकादमाकडं वळून विचारलं, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

मुकादम म्हणाला, “साहेब, मी नाव पुकारतो. तोंड बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.”

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं यादी दुमडली. भाऊला म्हणाला, तुमचा नियम आहे वर्षांचा, पण वर्षं कुणाची हे तुमच्याच बायकांना ठाऊक नाही. आठ दिवसांत खरी यादी द्या, नाहीतर दहा कोण ते मी ठरवीन.

भाऊ चिडला. आमच्यावर कधी चिडला नव्हता तो. “मला आधी सांगायचं नाही का हे? मी कागदावर सही घेऊन बसलो!”

“तुम्ही विचारलं कुठं, भाऊ?” एक म्हणाली. तेही खरं होतं. आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

घरी आत्याबाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत. एकच वाक्य बोलल्या. “चोवीस वरीस, आनि तू एक शब्दमा बुडाई टाकात.” मग भिंतीकडं तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली पहिल्यांदाच बायका सभेत बोलल्या. म्हणजे सगळ्या एकदम बोलल्या. एक म्हणे जागा घरची, तर वर्षंही घरची. दुसरी म्हणे मग ज्यांना घर नाही त्यांनी काय करायचं? ती बोलत असताना सगळ्या अक्काकडं बघत होत्या. ती काडीनं मातीत रेघा ओढत होती. भाऊ म्हणाला, जी हात चालवते तिची वर्षं, दुसरा नियम मला तरी दिसत नाही.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. काठी टेकत, एका पोरीचा खांदा धरून. नऊ वर्षांत त्या फाटकाकडं फिरकल्या नव्हत्या. त्यांना बघून बायकांनी वाट करून दिली.

“मन्हा वरीस कोठे गयात मंग?” त्यांनी भाऊला विचारलं. “हिना नऊ हिले. मन्हा पंधरा कोनले?”

भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, “आत्या, त्याला माझ्याकडं कलम नाही.”

“नहीं ना? मंग मी येस कामले. नाव मनं शे, मी जित्ती शे. दाखाडा माले ते नवं मशीन.”

अक्का उठली. अक्काच उठली, आणि तिनं आत्याबाईंचा दुसरा हात धरला. मॅनेजरची परवानगी मुकादमानं आणली. आम्ही तिघी आत गेलो. ते चार नवे रेचे चालू होते. आत्याबाईंना दिसत कमी होतं, म्हणून त्या अगदी जवळ गेल्या. पेटीवर हात ठेवला. रुळाशी फळी असायची तिथं हात नेला, तर तिथं काही नव्हतं. कापूस वरून उतरत होता, रुई पुढं येत होती, सरकी खाली पडत होती. त्यांनी पडती सरकी ओंजळीत घेतली आणि बोटांनी चाचपली, रुई शिल्लक राहिलीय का बघायला. तशी त्या पूर्वी माझी सरकी तपासायच्या, घरी पदरात बांधून आणायला लावून. कितीतरी दाणे चाचपले. मग ओंजळ खाली सोडली.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, “साफ काढस. मन्हापेक्षा साफ.” थोडा दम घेतला. “काढा मनं नाव.”

भाऊनं विचारलं, “नक्की, आत्या?”

“काढ सांगस ना. तठे हात ठेवाले जागाच नही. नाव ठेईसन काय करू?”

मग भाऊ वही घेऊन बसला आणि एकेकीला तिचं स्वतःचं नाव विचारलं. हसू नका, पण कित्येकींना सांगताना अडायला झालं. माहेरचं नाव वेगळं, लग्नात ठेवलेलं वेगळं, जिनात तिसरंच. मला त्यानं विचारलं, कोणतं लिहू? मी म्हटलं माहेरचं लिहा, तेवढं एक माझ्या आईनं ठेवलंय. त्यानं लिहिलं आणि वही माझ्याकडं वळवली, हे बघ. मला अक्षर येत नव्हतं. मी त्या चार अक्षरांकडं बघत राहिले. पुढं ती यादी फाटकावर चिकटवली, आणि येताजाता एकेका नावाशी अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. शाळा तेवढीच झाली माझी.

नव्या यादीत अक्का सातवी आली. मी एकोणिसावी. रेघ दहावरच होती.

पुढच्या हंगामाला सगळे रेचे पेटीचे झाले. रेघेखालच्या तिसांतल्या काही बायका केळीच्या बागांत कामाला गेल्या फैजपुराकडं, दोघी-तिघी नवऱ्यांबरोबर धुळ्याच्या गिरणीत गेल्या, तिथंही पुढं कमी करायचं चाललंच होतं म्हणे. आम्हा चौदा जणींना अंगणात कापूस निवडायचं काम मिळालं. कागदात होतं म्हणून मिळालं, हे मी विसरत नाही. रेच्यापेक्षा मजुरी कमी, उन्हात बसायचं, किडका आणि पिवळा कापूस बाजूला काढायचा. रेचा मला परत कधीच मिळाला नाही. आत्याबाई महिनाभर माझ्याशी मोजकं बोलल्या, मग नेहमीसारखं बोलू लागल्या. निवडून आणलेला चांगला कापूस दाखवला तर हातात घेऊन बघायच्या.

अंगणातलं काम कंटाळवाणं, पण आवाज नाही. चौदा जणी गोल करून बसायच्या आणि सकाळपासून तोंड चालू. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, बाजारात मिरची काय भावानं आली. पहिल्या आठवड्यात अक्का सुट्टीत बाहेर आली ती थेट आमच्याकडं. रेघेवरच्या दहा जणी एकमेकींपासून इतक्या लांब असायच्या, चार-चार रेच्यांचं अंतर, की खुणा करायच्या तर मध्ये पेट्याच पेट्या. ती माझ्या शेजारी बसली. यादी वाचल्यापासून ती माझ्या शेजारी बसलेली नव्हती. भाकरीचं फडकं सोडलं. कान सुन्न, म्हणून मोठ्यानं म्हणाली, “दिवसभरात कुणाचं तोंड दिसत नाही व मला. इकडून तिकडं, तिकडून इकडं. म्हशीसारखी फिरते नुसती.”

“जागा तर राहिली ना अक्का.”

“राहिली. पोरीचं लग्न होईल या दोन वर्षांत, या जागेच्या जिवावरच होईल.” मग ठेच्यात भाकरी बुडवत म्हणाली, “ते राहू दे. सकाळपासून काय बोलल्यात तुम्ही? पहिल्यापासून सांग.”

मी सांगायला लागले. बाकीच्या मधे मधे बोलून दुरुस्त करत होत्या. म्हशीचं सांगून झालं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्यानंतर हंगामभर ती रोज यायची, आणि मी सकाळी काम करतानाच ध्यानात ठेवत जायची, काय काय तिला सांगायचं आहे ते.